राखलेले बियाणे

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवर, पोशेरा नावाचे गाव आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या जमातींची वस्ती असलेल्या या डोंगराळ मुलखात एक वर्ष कसे सरते हे ज्याने नीट समजून घेतले आहे, त्याला ‘सकारात्मक विचार करा, म्हणजे संकटे आपोआप दूर होतील’ हा अलीकडे सर्वत्र मुक्तहस्ताने वाटला जाणारा उपदेश ऐकताना अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही. मनाची घडण हा संकटकाळी मनुष्याचा फार मोठा आधार असतो, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. परंतु ती घडण होते कशी, कोणत्या अनुभवांनी ती दृढ होते आणि कोणत्या अनुभवांनी ती मोडून पडते, हा जो खरा प्रश्न, तो उपदेश करणारे बहुधा विचारीतच नाहीत. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे झाल्यास शहरातल्या व्याख्यानगृहापेक्षा मोखाड्याच्या वरकस जमिनीकडे पाहणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

तेथे शेतीचा आरंभ राब भाजण्याने होतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, प्यायच्या पाण्यासाठी कोसभर पायपीट चालू असताना, रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या अंथरून त्या जाळावयाच्या, पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात, नागली आणि वरई पेरावयाची, आणि आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करावयाची. नेमक्या त्याच आषाढ-श्रावणात घरातल्या कणग्या रिकाम्या होतात. ज्या महिन्यांत शरीराकडून सर्वाधिक श्रमांची अपेक्षा, त्याच महिन्यांत पोटात सर्वांत कमी अन्न, असा हा दरवर्षीचा दुर्धर योग आहे. तेव्हा रानातली शेवळे काकडाच्या फळांबरोबर शिजवून त्यांची खाज मारली जाते. कडूकंद उकडून, पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा काढला जातो. टाकळ्याच्या भाजीवर दिवस निभतात. दिवाळीपर्यंत पीक हाती येते, पण ते पुरेसे नसते. म्हणून मुकादमाकडून बयाणा घेऊन सबंध कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा नाशिककडच्या बागांत कामाला जाते आणि शिमग्याला परतते. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि याच खोऱ्यांतून अडवलेल्या वैतरणेचे पाणी नळांवाटे मुंबईत पोहोचते, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक सुशिक्षिताने एकदा तरी शांतपणे मनात आणावी.

या वर्षक्रमात एक आचार असा आहे की ज्याच्यापुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते. घरात धान्य सरले तरी पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला राखलेले असते, आणि भूक कितीही निकराला आली तरी होता होईतो त्याला हात लावला जात नाही. मूल रडत असेल, सावकाराचा किंवा दुकानदाराचा तगादा असेल, रानभाजीही त्या दिवशी मिळाली नसेल; तरी ते बी कणसरीचे, म्हणजे धान्याच्या देवीचे, आणि म्हणून पुढच्या वर्षाचे. ज्याला आशावाद म्हणतात त्याचे याहून शुद्ध स्वरूप मी कोणत्याही ग्रंथात पाहिलेले नाही. या आशेला वक्तृत्व नाही, ती स्वतःविषयी बोलत नाही. ती एक सांभाळलेली वस्तू आहे, एक ठरलेला मुहूर्त आहे, आणि मृग कोसळला की कोणत्या शेतात काय टाकावयाचे याचा मनाशी पक्का झालेला हिशेब आहे. दुःखातून वर येण्याची मनोवृत्ती म्हणून जी काही गोष्ट आहे, ती माझ्या मते अशीच, पुढच्या दिवसासाठी आज काहीतरी राखून ठेवण्याच्या कृतीतून जन्मास येते. चिंतनाने ती उजळेल, परंतु केवळ चिंतनाने ती उत्पन्न होणार नाही.

हे मान्य केले म्हणजे दुसरी, अधिक कठोर गोष्टही मान्य करावी लागते. राखलेले बी जर दरवर्षी कुजू लागले, पेरलेले जर दरवर्षी वाहून जाऊ लागले, तर राखण्याची वृत्तीसुद्धा कालांतराने लयास जाते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी बालके एकामागून एक दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला, मंत्र्यांचे दौरे झाले, कचेऱ्या हलल्या, नवे हुकूम निघाले. आणि तरीही २०१६ साली मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंच्या वार्तांनी तेच प्रश्न पुन्हा विधिमंडळाच्या दारी आणून उभे केले. ज्या आईने आपले मूल हातांतून जाताना पाहिले आणि ज्या दवाखान्याच्या वाटेवर तिला वाहन मिळाले नाही, तिच्या विचारांत काही दोष होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? तरीसुद्धा संकटाचे सगळे कारण पीडिताच्या मनोवृत्तीत शोधणारी जी एक विचारपद्धती आज लोकप्रिय झाली आहे, ती न बोलता नेमके हेच म्हणत असते. ती मला असत्य वाटते, आणि असत्यापेक्षाही अधिक, निष्ठुर वाटते.

मानसशास्त्रात या विषयावर गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात फार मोलाचे काम झाले आहे, आणि ते आपल्याकडच्या उपदेशकांनी पुरेसे वाचलेले दिसत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेले काही प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाले. आपण काहीही केले तरी न थांबणारे विजेचे झटके ज्या कुत्र्यांच्या वाट्याला आधी आले होते, त्यांतील बहुसंख्य कुत्री पुढे बुटका आडोसा ओलांडताच सुटका होण्याची सोय असतानाही निमूट पडून राहिली. ज्यांना असा पूर्वानुभव नव्हता, ती सहज पलीकडे गेली. प्रयोग क्रूर होता, आणि मुक्या प्राण्याच्या वेदनेतून मिळालेले ज्ञान म्हणून त्याचा उल्लेख करतानाही मन संकोचते. तथापि त्याचा उत्तरार्ध विसरण्याजोगा नाही. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना पलीकडे खाद्य दाखवून, चुचकारून, हाका मारून काही उपयोग झाला नाही. संशोधकांनी त्यांना गळ्यातल्या दोरीने धरून, पुन्हा पुन्हा, प्रत्यक्ष आडोशापलीकडे नेले, तेव्हा कोठे आपल्या हालचालीने वेदना थांबते हे त्यांना उमगले, आणि मग ती आपण होऊन उडी घेऊ लागली. पुढे २०१६ साली याच दोघांनी आपला मूळ सिद्धांत स्वतःच उलटा करून मांडला: दीर्घ दुःखात निष्क्रिय होणे हा मेंदूचा स्वाभाविक धर्म आहे, ते कोणी शिकत नाही, शिकावे लागते ते हे, की आपल्या कृतीने परिस्थितीत काही फरक पडतो.

माणसाचा व्यवहार याहून अनंत पटींनी गुंतागुंतीचा आहे. पण एवढे सूत्र त्यातून उचलावयास हरकत नसावी की धीर हा अनुभवाचा परिणाम आहे, आणि ज्याला दुसऱ्याच्या मनात धीर उत्पन्न करावयाचा आहे त्याने त्याच्या हातून घडलेल्या कृतीला फळ येईल अशी व्यवस्था प्रथम केली पाहिजे.

जुन्या ठाणे जिल्ह्यातील जंगलजमिनींचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वनखात्याच्या ताब्यातील जमिनीचे तुकडे आदिवासींना एका वर्षाच्या कराराने कसावयास दिले जात. त्यांना ‘एकसाली प्लॉट’ असेच नाव पडले. बापाने कसले, मुलाने कसले, परंतु दप्तरी मात्र ती जमीन दरवर्षी नव्याने परकीच राहिली. अशा जमिनीत मनुष्य नागली पेरील, वरई पेरील. आंब्याचे झाड तो कशाच्या भरवशावर लावील? मग बाहेरचा पाहुणा येऊन म्हणणार की या लोकांना दूरदृष्टी नाही, आजचा दिवस ढकलला की यांचे काम संपले. ज्या राज्यकारभाराने दोन पिढ्यांना एका वर्षापलीकडे पाहू दिले नाही, त्यानेच त्यांच्या दृष्टीच्या आखूडपणाची फिर्याद करावी, हा अन्याय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने या कब्जांना मान्यता मिळण्याचा मार्ग उघडला; दाव्यांच्या छाननीत, पुराव्यांच्या हट्टात आणि मोजणीच्या विलंबात त्याचे पुष्कळ सत्त्व आटले, तरी मार्ग उघडला हे खरे.

आणि जेथे पायाखालची जमीन स्थिर झाली, तेथे काय घडते याचे उदाहरण जव्हारच्याच परिसरात आहे. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ साली गुजरातेतील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांच्या एक-एक एकर जमिनीवर आंबा-काजूची ‘वाडी’ उभी करण्याचा उपक्रम आरंभिला, आणि पुढे तो जव्हारकडे आणला. आंब्याचे कलम फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. ज्या घरात चार महिन्यांची बेगमी नाही, त्या घरातील स्त्री-पुरुषांनी उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहून ती कलमे जगवली, काठाला जळणाची आणि कुंपणाची झाडे लावली, आणि ओळींमधल्या जागेत नागली-भात घेणे चालूच ठेवले. त्याआधी त्यांच्यापुढे आशावादाचे प्रवचन कोणी दिलेले नव्हते. आपले झाड आपले राहणार आहे, आणि पहिली काही वर्षे निभावून नेण्यास कोणीतरी सोबत आहे, एवढ्या दोन गोष्टी त्यांना ठाऊक होत्या, आणि तेवढ्या पुरेशा झाल्या.

व्यक्तीच्या जीवनात हीच गोष्ट कशी घडते हे पाहावयाचे तर याच जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीकडे वळावे लागते. तेथे बालशिक्षणाचे काम केलेल्या अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळच्या समाजात अशा मुलीच्या पुढच्या साठ वर्षांचा आराखडा ठरलेलाच असे: माजघराचा कोपरा, इतरांच्या मुलांची उष्टी-खरकटी, आणि तोंडातून चकार शब्द न काढण्याची शिस्त. अनुताईंनी त्या वैधव्याकडे ‘सकारात्मक दृष्टीने’ पाहिले असे म्हणणे हा त्यांच्या दुःखाचा अवमान होईल. त्या शिकल्या. मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकविले, आणि नोकरी सांभाळून मॅट्रिक झाल्या. एकेक परीक्षा हा एकेक पुरावा होता की आपल्या श्रमांना जगात काही मोल आहे. घरच्यांनी शिकू दिले, प्रशिक्षण महाविद्यालयाचे दार उघडे होते, मुलींसाठी शाळा होत्या आणि त्यांना शिक्षिका हव्या होत्या, ही त्या काळच्या सुधारकांनी निर्माण केलेली वाट नसती तर त्याच मुलीच्या त्याच निर्धाराचे काय झाले असते, याचा विचार त्यांचे चरित्र ‘प्रेरणादायी’ म्हणून सांगणाऱ्यांनी अवश्य करावा.

१९४५ साली त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्याबरोबर डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, आणि १९५७ साली कोसबाडला. त्याच १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली होती आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पेटला होता, हेही येथे ध्यानी घ्यावे. पिढ्यान्पिढ्या मान खाली घालून उभा राहिलेला माणूस ताठ उभा राहू शकतो, याचा साक्षात्कार या मुलखाला त्या वर्षी झाला. ताराबाई आणि अनुताई यांची वाट निराळी होती. आदिवासी पालकांना शिक्षणाची आस्था नाही, हे त्या काळच्या शिक्षणखात्याचे ठरलेले उत्तर. या दोन स्त्रियांनी ते उत्तर बाजूला ठेवून मुले शाळेत का येत नाहीत हे पाहिले. मुलगा येत नाही, कारण तो गुरे राखतो. मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. तेव्हा जेथे गुरे चरतात तेथे शिक्षकाने जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. आणि भावंडाला पाळणाघर, त्याहून थोड्या मोठ्याला बालवाडी आणि मुलीला प्राथमिक शाळा अशी एकाच छपराखाली सोय व्हावी, म्हणून विकासवाडी निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. त्यांनी अंगणात भरविलेल्या बालवाडीला अंगणवाडी म्हटले गेले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ते नाव सबंध देशाने उचलले.

ज्या स्त्रीचे स्वतःचे बालपण तेराव्या वर्षी संपुष्टात आले होते, तिने दुसऱ्यांच्या बालपणाला अशी जागा करून दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई निवर्तल्या. वावर-वांगणीची बालके दगावली ती त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, कोसबाडपासून फार दूर नव्हे. एका टेकडीवर सिद्ध झालेली गोष्ट शेजारच्या डोंगरावर का पोहोचली नाही, या प्रश्नाने आपली झोप उडावयास हवी होती.

न पोहोचण्याची कारणे फार गूढ नाहीत. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना साऱ्या देशाच्या आधी प्रत्यक्षात आणली, १९७७ साली तिचा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर मागेल त्याला पंधरा दिवसांत काम आणि केलेल्या कामाची मजुरी पंधरवड्याच्या आत देण्याचे बंधन घातले. कागदावर याहून उत्तम मानसोपचार असू शकत नाही: मनुष्याने मागावे आणि त्याला मिळावे, त्याने खोदावे आणि आठवड्याच्या बाजारी हातात पैसे यावेत. परंतु मस्टर वेळेवर निघत नाही, मागणीची तारखेनिशी पोच मिळत नाही, मजुरी महिना-महिना अडकते, आणि मग तोच मनुष्य बाजारात रोख बयाणा देणाऱ्या मुकादमाकडे वळतो. अडकलेल्या त्या मजुरीने त्याच्या घरची चूल एक वेळ विझते हे तर खरेच; त्याहून मोठी हानी ही की मागून काही मिळत नाही, कष्टाला फळ येतेच असे नाही, हा धडा तो गिरवतो आणि घरी जाऊन न बोलता मुलांना शिकवितो. तालुक्याच्या कचेरीत एखादी फाइल महिनाभर पडून राहते तेव्हा कोणाचे तरी मनोधैर्य तेथे खर्ची पडत असते, याची जाणीव त्या टेबलापाशी बसणाऱ्या माणसाला व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

कृतीच्या फळाबरोबरच धीराला आपल्या माणसांतली जागाही लागते. मोखाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे आणि असुरांचे मोठाले मुखवटे चढवून गावातलीच माणसे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात, आणि ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले असते. पाण्याची टंचाई ज्या ऋतूत सर्वांत तीव्र, त्या ऋतूत गाव हा उत्सव मांडते, आणि भट्टीवरून परतलेला माणूस आपले सोंग आणतो. काही विचारवंतांना हा अपव्यय वाटतो. मला वाटते, वर्षभर ज्याला कोणीही नावाने हाक मारीत नाही, जो भट्टीवर केवळ नवरा-बायकोच्या जोडीतला एक म्हणून मोजला जातो, त्याला त्या रात्री आपल्या गावात आपली एक अढळ जागा असल्याची खात्री पटते, आणि ही खात्री अन्नाइतकीच निकडीची आहे. दुःख सोसण्याची शक्ती एकट्याच्या छातीत क्वचितच साठते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांची कथा पुष्कळांना ठाऊक आहे: लहानपणी आई गेली, त्या आघाताने मुलाची वाचा जणू हरपली, आणि तो धुळीत बोटाने चित्रे काढून आपले मन सांगू लागला. पण धुळीत काढलेल्या त्या आकृतींना अर्थ होता, कारण लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांनी शतकानुशतके ती लिपी भिंतींवर जपली होती. मुक्या मुलाला बोलावयास भाषा तयार मिळाली. त्याच बोटांनी पुढे जगभर कीर्ती मिळविली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली.

आज मोखाडा तालुक्यातील आश्रमशाळांतून प्रेरणादायी व्याख्याने योजिली जातात. ती जरूर व्हावीत. मुलांना थोरांची चरित्रे ऐकावयास मिळणे चांगलेच. परंतु दिवाळीनंतर ज्या मुलीला आईबापांबरोबर भट्टीवर जावे लागते, तिच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे मुकादमाचा टेम्पो येण्यापूर्वी, उघडले आहे की नाही, हे त्या व्याख्यानाच्या आयोजकांनी आधी विचारावे. ती गेलीच, तर तिच्या हाती शिक्षण हमी पत्रक दिले आहे काय, आणि भट्टीजवळच्या शाळेने ते पाहून तिला हजेरीपटावर घेतले आहे काय, हेही विचारावे. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर, मजुरांच्या झोपड्यांना म्हणजे भोंग्यांना लागूनच, भोंगाशाळा भरवून दाखविल्या. कुरणशाळेचीच ती पुढची पिढी होय. म्हणजे रीत ठाऊक आहे, कायदा आहे, शिकवावयास तयार असलेली माणसेही आहेत. पोशेऱ्याच्या पाड्यांवरून या दिवाळीनंतर किती मुले जाणार आणि कोणत्या भट्टीवर जाणार, याची यादी गावच्या शिक्षकाला आणि अंगणवाडीताईला आजही तोंडपाठ सांगता येईल. ती यादी आश्विन संपण्यापूर्वी भिवंडी आणि वसईच्या गटशिक्षण कचेऱ्यांत पोहोचवावयाची आहे.